भरलेली पदं, रिकामी रात्र

आरोग्याचं राजकारण : लेखांक ५

गेल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब मांडला होता. आज एक पायरी वर चढू. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि तिथे मध्यरात्री पोहोचलेला रुग्ण, एवढाच आजचा विषय. उदाहरणाला सिंधुदुर्ग घेतो. आरोग्यावरून इथे जेवढं राजकारण तापतं तेवढं राज्यात फार थोड्या ठिकाणी तापत असेल, आणि तरीही इथला अत्यवस्थ रुग्ण वर्षानुवर्षं परराज्यात जातो.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यात अपघात झाला, छातीत कळ आली, बाळंतपण अडलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "गाडी काढ, बांबोळीक जावया." बांबोळी म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा काढली, तिचंच हे आजचं रूप. सावंतवाडीहून ते साधारण साठ किलोमीटरवर आहे आणि मुंबई पाचशेवर. नकाशा पाहिला तर बांबोळीला जाण्यात गैर काहीच नाही. राज्याची सीमा रक्तदाब विचारत नाही.

ती विचारली गेली जानेवारी २०१८ मध्ये. गोवा सरकारने राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होते, विश्वजित राणे आरोग्यमंत्री. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गात, मोठा उद्रेक झाला. लोक आंदोलनाला बसले. तालुकाच गोव्यात घाला, इथपर्यंत मागणी गेली. गोव्याची बाजू अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही. गोमंतकीय करदात्याने बांधलेल्या खाटेवर गोमंतकीयालाच जागा मिळेना, हा त्यांचा सवाल होता. पुढे महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना बांबोळीत लागू करण्याचा तोडगा निघाला, नेत्यांनी श्रेय वाटून घेतलं आणि विषय थंडावला. पैशांचा प्रश्न काही अंशी सुटला. जिल्ह्यात एवढे दवाखाने असताना रुग्णाला तिथे न्यावंच का लागतं, हे विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरची वर्षं इमारतींच्या वादाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये पडवे इथल्या नारायण राणे यांच्या संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन अमित शाह यांनी केलं. तेव्हा राज्यात महाविकास आघाडी होती आणि शिवसेनेने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आग्रह धरला होता. त्याच वर्षी १०० जागांचं शासकीय महाविद्यालयही मंजूर झालं. साडेआठ लाख वस्तीच्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं! कुणाचं आधी, कुणी कुणाचं अडवलं, यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने खर्ची पडले. सावंतवाडीचं मल्टिस्पेशालिटी रुग्णालय जागेच्या वादात अडकलं, त्यावर निवडणुका गाजल्या.

इमारतीचं भांडण दमलं की रिक्त पदांचं सुरू होतं. अधिवेशन आलं की तारांकित प्रश्न पडतो, अमुक तालुक्यात किती पदं रिक्त? उत्तर येतं, इतकी मंजूर, इतकी भरलेली, उर्वरित भरण्याची कार्यवाही सुरू. विरोधक रिक्त आकडा घेऊन बाहेर पडतात, सत्ताधारी भरलेला. रिक्त पदं हा खोटा मुद्दा आहे असं कुणी समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या 'कॅग'च्या अहवालात राज्याच्या आरोग्यसेवेत डॉक्टरांची २७ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के कमतरता नोंदली आहे. पण उद्या सकाळी सगळी पदं भरली, असं धरून चालू. रात्रीचं काय होईल?

३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा नेहमीचा आकृतिबंध म्हणजे एक वैद्यकीय अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी. अपघात विभागात डॉक्टरची एकच खुर्ची धरली तरी ती आठवड्याचे १६८ तास भरलेली हवी. एका माणसाने ४८ तास काम केलं तर त्या खुर्चीला साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरा. मग शवविच्छेदन, कोर्टाची साक्ष, कुटुंबनियोजनाचं शिबिर, अपंगत्वाचे दाखले, शिवाय मंत्रिमहोदयांचा दौरा असला की ताफ्यामागच्या रुग्णवाहिकेत बसायला एक डॉक्टर. साडेतीनचे पाच होतात ते इथे. म्हणजे अपघात विभागाची एक खुर्ची अखंड भरायला पाच माणसं हवीत, आणि पूर्ण भरलेल्या रुग्णालयात आहेत चार. सकाळची दोनशे माणसांची ओपीडी कोण बघणार, हे मी अजून मोजलेलंच नाही.

विशेषज्ञांकडे आलो की हिशेब आणखी बिघडतो. उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद बहुतेक ठिकाणी एक, फार तर दोन. ते भरलं की कागदावर शंभर टक्के. पण एक भूलतज्ज्ञ म्हणजे आठवड्याचे ४८ तास. उरलेले १२० तास शस्त्रक्रियागृहाला कुलूप, किंवा खासगी भूलतज्ज्ञाला फोन. तो दिवसभर आपल्या केसेस करून दमलेला असतो. सरकार दर केसमागे मानधन देतं, पण ते हातात पडायला किती महिने लागतील याचा भरवसा नाही. तो एकदा येईल, दोनदा येईल, तिसऱ्यांदा फोन उचलणार नाही. त्याला दोष कसा द्यायचा?

भूलतज्ज्ञ नसला की बाकीचे असूनही नसल्यासारखे. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहे, परिचारिका हजर आहे, रक्तसाठवण केंद्रात पिशवी आहे, बाळाचे ठोके मंदावले आहेत, आणि सिझेरियन करता येत नाही. मग कागद निघतो, 'पुढील उपचारार्थ वरिष्ठ रुग्णालयात पाठविण्यात येत आहे.' बाहेर नातेवाईक चिडतात, डॉक्टर कामचुकार आहेत म्हणतात. पण त्या क्षणी त्या डॉक्टरने घेतलेला निर्णय बहुधा योग्यच असतो. एकटा डॉक्टर, दारात पंचवीस माणसं, काही बरंवाईट झालं तर उद्या गावातून मोर्चा. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता तो कायदा शिपायाच्या रूपाने दारात उभा नसतो.

या टंचाईवर सरकारकडे दोन ठरलेले उपाय आहेत. पहिला बंधपत्राचा. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. पदव्युत्तरला पन्नास लाख. येणारा डॉक्टर वर्ष मोजतच येतो. गावाची, साथींची, दोडामार्गच्या माकडतापाची, पावसाळ्यातल्या लेप्टोची ओळख होते न होते तोच निघायची वेळ होते. दुसरा उपाय प्रतिनियुक्तीचा. कणकवलीचा डॉक्टर तीन दिवस सावंतवाडीला. सावंतवाडीत बोंब झाली म्हणून पाठवायचा, कणकवलीत बोंब झाली की परत आणायचा. पांघरूण तेवढंच, डोकं झाकलं की पाय उघडे. नव्या महाविद्यालयाने यात भर घातली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाची तपासणी आली की अध्यापक दाखवावे लागतात, आणि ते कुठून तरी उचलून आणले जातात. जिल्हा रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, म्हणजे मंत्रीही दोन. डिसेंबर २०२४ पासून हे दोन्ही मंत्री, हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर, एकाच कोल्हापूर जिल्ह्यातले. घाट उतरला की सिंधुदुर्ग. निदान फोन तरी लवकर लागावा.

महाविद्यालय आलं की अत्यवस्थ रुग्णाची सोय झाली, हा समजही तपासून घ्यावा. आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र विभाग आयोगाच्या २०२० च्या निकषांत अनिवार्य होता. २०२३ च्या निकषांत पदवी महाविद्यालयांसाठी तो अनिवार्य विभागांच्या यादीतून गळला. महाविद्यालय मंजूर करताना शरीररचनाशास्त्राचे अध्यापक मोजले जातात. रात्रीच्या अपघात विभागात कोण उभं आहे, हा त्या मानाने दुय्यम मुद्दा.

कोकणात एकट्या डॉक्टरने काय करता येतं याचा दाखला म्हणून महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव हमखास घेतलं जातं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं फुफ्फुसात पाणी होऊन मरताना त्यांनी पाहिली, रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून लक्षणं टिपली, 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिले आणि प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून मृत्यूचं प्रमाण विलक्षण खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाषणात हे उदाहरण फार शोभतं. पण ते ऐकवणारा पुढारी नकळत एवढंच सांगत असतो की, माणूस झोपला नाही तर व्यवस्था चालते. आकृतिबंध बावस्करांच्या मापाने बेतता येत नाही. तो चारचौघांसारख्या, झोप लागणाऱ्या, मुलांच्या शाळेची काळजी असणाऱ्या डॉक्टरच्या मापानेच बेतावा लागतो.

बांबोळीची स्थिती आपल्यापेक्षा किती तरी बरी, पण तिथेही ताण दिसतोच. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री विश्वजित राणे तिथल्या अपघात विभागात शिरले आणि तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर झापून निलंबनाचे आदेश देऊ लागले. तक्रार काय, तर एका वृद्ध रुग्णाला नेहमीचं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन अपघात विभागात दिलं नाही. डॉक्टर संपावर जायच्या तयारीत उभे राहिले, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नाही असं सांगितलं, राणे यांनी दिलगिरी व्यक्त केली. सगळी चर्चा मंत्र्यांच्या भाषेवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एका साध्या इंजेक्शनसाठी म्हाताऱ्या माणसाला राज्यातल्या सगळ्यात मोठ्या अपघात विभागाचं दार ठोठवावं लागतं, याकडे फारसं कुणी वळलं नाही. खालची दारं बंद असली की सगळी गर्दी वरच्या एकाच दाराशी होते. सिंधुदुर्गातून येणारी रुग्णवाहिका त्याच गर्दीत थांबते.

सरकारी मापात आणखी एक गफलत आहे. ग्रामीण रुग्णालय किती लोकसंख्येमागे, हा निकष डोकी मोजतो. सिंधुदुर्गची डोकी कमी होत चालली आहेत. २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. पोरं मुंबईला, मागे आईवडील. वस्ती घटली तरी हृदयविकार, पक्षाघात, खुब्याची हाडं यांचं ओझं उलट वाढतं. वय आणि अंतर मोजणारा निकष मागितला पाहिजे, पण त्यावर मोर्चा निघत नाही, कारण फलकावर लिहायला तो फार लांबलचक पडतो.

मग करायचं काय? माझं मत सांगतो, अनेकांना रुचणार नाही. प्रत्येक तालुक्यात रात्रीचं शस्त्रक्रियागृह चालवण्याचा देखावा सोडावा. जिल्ह्यात भूलतज्ज्ञ सहा मिळत असतील तर ते सहा ठिकाणी एकेक न वाटता दोन ठिकाणी तीन-तीन ठेवावेत, सोबतीला शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. ती दोन ठिकाणं महामार्गालगत असावीत, रात्रंदिवस उघडी असावीत. बाकीच्या रुग्णालयांनी रुग्णाला स्थिर करून तिथे सोडावं. प्रत्येक रुग्णालयाचा महिन्याचा ड्युटी चार्ट तहसील कचेरीच्या फलकावर लावावा, म्हणजे किती पदं भरली याऐवजी किती रात्री भरल्या, ते लोकांनाच मोजता येईल.

अडचण वैद्यकीय नाहीच. सिंधुदुर्गात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. दोन ठिकाणं निवडायची म्हटली की तिसऱ्या आमदाराला आपल्या मतदारांना सांगावं लागेल की आपल्या रुग्णालयात रात्री शस्त्रक्रिया होणार नाही. प्रत्यक्षात आजही ती होत नसते. पण तसं तोंडाने कबूल करणं वेगळं. तिसरा आमदार कोण, यावर पक्षापक्षांत नव्हे, एकाच युतीतल्या दोन पक्षांत जुंपेल.

पुढच्या आठवड्यात १०८ रुग्णवाहिका. २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन सुरू झालेली ही सेवा, तिच्यात बसणारा आयुर्वेद पदवीधर डॉक्टर, आणि तिच्या नव्या निविदेवरून झालेला गदारोळ.