सर्रा, निद्रारोग आणि माणसाचे रक्त

ट्रिपॅनोसोमा हा रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी. अंग लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, कडेला लहरत राहणारी पातळ झालर. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान भागातील आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. जनावरांच्या या आजाराला सर्रा म्हणतात, आणि त्याच्या परजीवीला पुढे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असे इव्हान्स यांचेच नाव मिळाले.

माणसाला ग्रासणाऱ्या जाती वेगळ्या. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्यातून निद्रारोग होतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गॅम्बियन्स प्रकार अनेक महिने, कधी वर्षेही रेंगाळतो. पूर्वेकडील ऱ्होडेसियन्स काही आठवड्यांतच गंभीर होतो. सुरुवातीला ताप, डोकेदुखी, मानेमागे सुजलेल्या गाठी. परजीवी मेंदूत शिरला की रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, स्वभाव पालटतो. उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू ठरलेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युगांडाच्या व्हिक्टोरिया सरोवराकाठी या रोगाने सुमारे अडीच लाख माणसे नेली.

शरीर निद्रारोगाच्या परजीवीला हटवू शकत नाही, कारण त्याच्या अंगावरचे प्रथिनांचे आवरण तो पुनःपुन्हा बदलतो. एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात तोवर काही परजीवींनी दुसरे चढवलेले असते. म्हणून ताप येतो, उतरतो, परत येतो, आणि लसही बनू शकलेली नाही. मेंदूपर्यंत गेलेल्या रोगावर दीर्घकाळ मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त औषध द्यावे लागे आणि त्यानेच शंभरातले सुमारे पाच रुग्ण दगावत. आता गॅम्बियन्स प्रकारावर फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या दहा दिवस घेतल्या तरी बहुतेकांना पुरते. चिकाटीने गावोगाव रक्ततपासणी झाल्यामुळे २०१८ पासून जगभरातील नोंदलेले रुग्ण वर्षाला हजाराच्या खाली आहेत. सार्वजनिक आरोग्याचे हे फार मोठे यश आहे, आणि त्याची दखल फार थोड्यांनी घेतली.

माणसाला ग्रासणारी दुसरी जात म्हणजे लॅटिन अमेरिकेतील चागास रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा क्रूझी. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये तो शोधला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा रक्तपिपासू ढेकूण रात्री चावतो. त्याच्या विष्ठेतील परजीवी खाजवलेल्या जागेतून किंवा डोळ्यांतून आत जातात. बहुतेकांना वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. काहींचे हृदय मात्र हळूहळू निकामी होते.

भारतात गुरे, म्हशी, घोडे आणि उंट यांच्यात सर्रा आहेच. चावऱ्या माश्या तो पसरवतात. मग या जनावरांत वावरणाऱ्या माणसांना तो का होत नाही? माणसाच्या रक्तात एपीओएल१ नावाचे प्रथिन असते. परजीवी ते गिळतो आणि ते त्याला आतून छिद्रे पाडून मारते. निद्रारोगाच्या दोन्ही प्रकारांनी त्यावर तोड काढलेली आहे, इव्हान्सीने नाही.

या उत्तराचा सर्वांत ठाम पुरावा महाराष्ट्रातून मिळाला. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने अनेक महिने हैराण केले होते. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसले आणि ते इव्हान्सी ठरले. निद्रारोगावरील सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला. ब्रुसेल्समधील संशोधकांनी तपासले तेव्हा त्याच्या रक्तात एपीओएल१ नव्हतेच. आई व वडील दोघांकडून आलेली त्याची जनुके सदोष होती. गावातील सुमारे १,८०० लोकांची तपासणी झाली. अनेकांच्या रक्तात प्रतिपिंडांच्या खुणा आढळल्या, म्हणजे परजीवीशी संबंध बहुधा आला असावा. पण ज्यांच्यात त्या ठळक होत्या, त्यांच्याही रक्तात परजीवी सापडला नाही.

मात्र हे कवच अभेद्य नाही. २०१५ मध्ये व्हिएतनाममधील एका स्त्रीला इव्हान्सीची बाधा झाली, आणि तिचे एपीओएल१ शाबूत होते.