आंब्याच्या पेटीचा भार आंब्यावर नको! गावच्या सुताराकडून करून घेता येईल अशी थप्पीची पेटी

मार्च-एप्रिलमध्ये म्हापशाच्या बाजारात मानकुराद दिसायला लागतो, तेव्हा पहिल्या डझनाचा भाव ऐकून अर्धी गिऱ्हाइकं नुसता वास घेऊन पुढे जातात. पण त्याच आंब्याच्या एका गालावर बोटभर काळा डाग असला, तर भाव सांगणाऱ्याचाच आवाज खाली येतो. हा डाग बहुतेक वेळा झाडावर पडलेला नसतो. तो पडतो पेडणे किंवा डिचोलीच्या बागेपासून बाजारापर्यंतच्या तासा-दीड तासात, पिकअपच्या हौद्यात.

देशभरात काढणीनंतर किती माल वाया जातो, याचा अभ्यास लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संशोधन संस्थेने केला होता. २०१५ सालच्या त्या अहवालात आंब्याचं नुकसान ९.१६ टक्के, टोमॅटोचं १२.४४ टक्के आणि पेरूचं १५.८८ टक्के आहे. शंभर आंब्यांतले नऊ गेले, असा त्याचा साधा अर्थ. तोड, हाताळणी, साठवण, वाहतूक असं सगळं त्या नऊ आंब्यांत आलं. त्यातली पेटी ही एकच गोष्ट अशी आहे की जी गावचा सुतार दोन दिवसांत सुधारून देऊ शकतो.

आपल्याकडे माल कशातून जातो ते बघा. घरची चार-सहा झाडं असलेला माणूस बांबूच्या पाटीत आंबे रचतो, वर गोणपाट बांधतो. थोडा मोठा बागायतदार टोमॅटोचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट वापरतो. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात अजून लाकडी पेटी आहे, शिवाय पुठ्ठ्याचा खोका आलाय. पाटीवर पाटी ठेवली की खालच्या पाटीतल्या फळावर भार येतो, हे सांगायला नको. टोमॅटोचा नेहमीचा क्रेट ५४० बाय ३६० मिलिमीटरचा आणि २९० मिलिमीटर खोल असतो. तो थप्पीला उत्तम, पण खोली आंब्यासाठी जास्त. चार थर रचले की तळाच्या आंब्यावर वरच्या तीन थरांचं ओझं, आणि पिकायला लागलेला मानकुराद तेवढं सोसत नाही.

आता आपली जुनी देवगड-रत्नागिरीकडची पेटी. तिला नावं ठेवायचं मन होत नाही, कारण तिने हापूसला मुंबई दाखवली. पण तिच्यात एक खोट आहे. पेंढा घालून, दाबून भरायची, वर फळ्या ठोकून झाकण बसवायचं, अशी तिची रीत. झाकण फुगलं म्हणजे पेटी गच्च भरली, मालक खूश. त्या फुगलेल्या झाकणावर दुसरी पेटी ठेवली की तिचं वजन लाकडावर न जाता झाकणातून पेंढ्यावर आणि पेंढ्यातून आंब्यावर येतं. शिवाय "पेटी" म्हणजे नेमकं किती? कुणाची चार डझनाची, कुणाची सहाची, कुणाची आठाची. पेटीचा भाव छापून येतो तेव्हा वाचणाऱ्याने त्यातून काय समजायचं?

हिमाचलच्या सफरचंदवाल्यांनी यातून मार्ग काढला, पण वेळ लागला. तिथे आधी लाकडी पेट्या होत्या. त्यासाठी जंगल तुटतं म्हणून पुठ्ठा आला. पुठ्ठ्याच्या खोक्यातही कोंबून माल भरायची सवय लागली. शेवटी २०२४ च्या हंगामापासून एकाच ठरावीक मापाचा 'युनिव्हर्सल कार्टन' सक्तीचा झाला. आपल्याकडे सक्तीची वाट बघायची गरज नाही. एका वाड्यावरच्या दहा बागायतदारांनी एक माप ठरवलं तरी पुरे.

माप कुठलं धरायचं?

बाहेरून ६०० बाय ४०० मिलिमीटर. हे माप हवेतून आलेलं नाही. जगभर माल ज्या १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ठेवतात, त्यावर अशा पाच पेट्या एका थरात जागा न सोडता बसतात. १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर चार बसतात. तुमच्याकडे आज पॅलेट नसेल, पण उद्या शीतगृहात किंवा मोपाच्या विमानतळावरून माल पाठवायची वेळ आली तर पेटी बदलावी लागणार नाही.

आतली खोली २०० मिलिमीटर. यात मानकुरादाचे पेंढ्यासकट दोन थर येतात, म्हणजे साधारण पाच डझन, पंधरा किलोच्या आसपास. रिकामी पेटी चार किलोची धरा. एकूण एकोणीस किलो. हे वजन एक माणूस न वाकता उचलू शकतो, आणि जे सहज उचलता येतं ते हमाल आपटत नाही. पंचवीस-तीस किलोची पेटी शेवटचा वीतभर नेहमी सोडलीच जाते, हे गाडी उतरवताना कुणीही उभं राहून बघावं.

आता मुख्य गोष्ट, भार. आठ पेट्यांची थप्पी लावली तर सगळ्यात खालच्या पेटीवर सात पेट्या, म्हणजे १३३ किलो. हे वजन चार कोपऱ्यांत वाटलं तर एका कोपऱ्याला ३३ किलो. खड्ड्यात गाडी आदळली की घटकाभर ते दुप्पट-तिप्पट होतं, शंभर किलो धरा. तीन सेंटिमीटर चौरस, उभ्या रेषांचा साधा लाकडी खुंट याच्या कितीतरी पट सोसतो. म्हणजे लाकूड जाड लावायची गरजच नाही. गरज आहे ती वजन खुंटावरून खुंटावर उतरवायची. बहुतेक पेट्या मोडतात त्या फळी तुटून नव्हे, तर खिळ्याजवळ चिरून. कारण खुंट आखूड ठेवलेला असतो, आणि वरचं सगळं ओझं बाजूच्या फळीवरून खिळ्यांवर लोंबकळतं.

म्हणून सुताराला असं सांगा. चार कोपऱ्यांत आतल्या अंगाला चार खुंट उभे करायचे. दोन आखूड बाजूंच्या फळ्या खुंटाच्या माथ्याबरोबर वरपर्यंत घ्यायच्या. दोन लांब बाजूंच्या फळ्या मात्र माथ्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली थांबवायच्या. थप्पी लागली की या दोन सेंटिमीटरच्या फटीतून प्रत्येक पेटीत आडवा वारा जातो. आंबा तोडल्यावरही श्वास घेत असतो आणि ऊब सोडत असतो. अढीत हीच ऊब हवी असते, गाडीत नको. आंबा या लांब फळीच्या काठापर्यंतच भरायचा, वर एकही नाही. हा नियम पाळला नाही तर पुढचं सगळं फुकट.

तळाच्या फळ्या लांबीच्या दिशेने ठोका. त्यातल्या कडेच्या दोन फळ्या खुंटांच्या बरोबर खाली यायला हव्यात. मग तळाच्या खालून, दोन्ही टोकांना, दीड सेंटिमीटर जाडीची एकेक आडपट्टी मारा. ही पट्टी दोन खुंटांच्या मधल्या अंतरापेक्षा चार-पाच मिलिमीटर आखूड असावी, आणि आखूड बाजूच्या फळीच्या आतल्या अंगाला येईल अशी बसवावी. पेटीवर पेटी ठेवली की वरच्या पेटीची पट्टी खालच्या पेटीच्या दोन खुंटांमध्ये जाऊन बसते. मग पेटी डावी-उजवीकडे सरकत नाही, कारण खुंट अडवतात. पुढे-मागे सरकत नाही, कारण आखूड बाजूची फळी अडवते. झाकण नको, दोरी नको. ते चार-पाच मिलिमीटर सोडायला विसरू नका. पावसात लाकूड फुगतं आणि घट्ट बसलेली पेटी मग दोघांनी ओढूनही सुटत नाही.

यात एक मेख आहे. ही आडपट्टी खुंटांच्या मध्ये आहे, खुंटांच्या खाली नाही. त्यामुळे सगळ्यात खालची पेटी थेट जमिनीवर ठेवली तर थप्पीचा भार पट्टीवर येऊन तळ वाकतो. म्हणून गाडीच्या हौद्यात आणि घरातही, थप्पीच्या लांब कडांखाली दोन इंची दोन रिपा आडव्या टाकायच्या, खुंट बरोबर त्यांच्यावर येतील अशा. एक पेटी असेल तर काही लागत नाही. घरात या रिपांमुळे ओल आणि वाळवीही थोडी लांब राहते.

बाजूच्या दोन फळ्यांमधली फट एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. जास्त ठेवली तर आंब्याचा गाल फटीत रुततो आणि फळीच्या काठाची रेघ उमटते. आतले काठ रंध्याने मारून गोल करा. हे काम कंटाळवाणं, सुतार टाळायला बघेल, पण डाग इथूनच पडतात. खिळे गॅल्व्हनाइज्डच घ्या. आपल्या दमट हवेत साधा खिळा एका पावसाळ्यात गंजतो. एका ओळीत ठोकू नका, वरखाली ठोका, नाहीतर फळी रेषेत चिरते. टोक हातोडीने थोडं बोथट केलं तर चिरणं आणखी कमी होतं, हे जुन्या सुतारांना ठाऊक असतं. तळाच्या फळ्या नुसत्या खुंटाच्या बुडाला ठोकल्या तर खिळा उभ्या रेषांत शिरतो आणि सैल होतो. त्या आखूड बाजूच्या फळीच्या काठातही ठोकायला हव्यात, तिथे खिळा आडव्या रेषांत धरतो.

लाकूड कुठलं आणि कुठून?

ओलं लाकूड नको, एवढं पहिलं. ताज्या कापलेल्या फळ्या वाळताना रुंदीत आकसतात, खिळे ढिले होतात, आणि महिन्याभरात पेटी हलायला लागते. फळ्या सावलीत, मध्ये काड्या घालून, वाळवून घ्या. आपल्या पट्ट्यात रस्त्याकडेला आणि खाणींच्या डंपवर ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर लावली गेली आहे, ती खुंटांना चालते. जुन्या काजूच्या बागा काढून नवीन कलमं लावतात तेव्हा निघणारं काजूचं लाकूडही पेट्यांसाठी वापरतात. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण त्याला भुंगा लवकर लागतो. पूर्ण वाळवूनच घ्या. पाइनच्या जुन्या पॅकिंग फळ्या मिळाल्या तर सगळ्यात सोपं, मात्र त्यांत आधी काय भरलं होतं ते विचारा. औषध किंवा तेल सांडलेली फळी फळाला लावू नये. वार्निश, डांबर, उरलेला रंग यांतलं काही आतून मारू नका.

गोव्यात खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. दोडामार्ग किंवा चोर्ल्याकडून लाकूड आणणार असाल तर वाहतूक परवान्याचं आधी विचारून घ्या. नाक्यावर गाडी उभी करून विचारण्यात अर्थ नाही. बांबूचं सोपं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. खुंट लाकडाचे आणि बाजू बांबूच्या चिपांच्या, अशी पेटी हलकी होते. चिपांचे काठ मात्र सुरीसारखे असतात, ते घासायलाच हवेत.

परदेशात माल पाठवणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून त्यावर ठरलेला शिक्का लागतो. फक्त ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाच्या पेटीला सूट आहे, आपल्या खुंटाच्या पेटीला नाही. म्हापसा, मडगाव, बेळगाव, सावंतवाडी एवढ्यासाठी याची काळजी नको.

प्लास्टिक वाईट आणि लाकूड चांगलं, असं काही नाही. बेळगावहून चोर्ला घाटातून रोज येणाऱ्या टोमॅटो-भाजीला प्लास्टिकचाच क्रेट बरा, कारण तो रोज धुता येतो. लाकूड धुतलं की वाळेपर्यंत बुरशीला आमंत्रण. तिळारीच्या कालव्याचं पाणी आल्यावर पेडणे, डिचोलीत जे भाजी करतात, त्यांनीही पालेभाजीसाठी लाकडाच्या मागे लागू नये. काजूची बोंडं तर मुळीच नकोत, रस गळून पेटी दोन दिवसांत आंबते. लाकडी पेटीची जागा आंबा, अननस, कांदा, सुरण, रताळी, नारळ अशा मालाला.

कांद्यावरून आठवलं. मे महिन्यात पुरुमेंताला कांद्याच्या माळा घेऊन आपण छपराला टांगतो, आणि श्रावणात त्यातल्या निम्म्यांना कोंब आलेले असतात. आंब्याचा हंगाम संपला की याच पेट्या रिकाम्या होतात. त्यात कांदा दोनच थर पसरा, थप्पी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, चुलीच्या जवळ पण धुरात नाही अशी. आठवड्याने वरची पेटी खाली, खालची वर करा. नासका कांदा वासावरून कळायच्या आधी डोळ्याला दिसतो.

पेटी परत येण्याचं काय, हा प्रश्न राहतोच. पुठ्ठा एकदाच जातो, लाकडी पेटी पाच-सहा हंगाम चालली तरच परवडते. किंमत पेटीमागे न मोजता फेरीमागे मोजा. दुकानदाराकडून पेटीमागे अनामत घ्या, आणि आखूड बाजूवर तापलेल्या सळीने नाव आणि नंबर डागा. रंगाने लिहिलेलं नाव एका पावसात जातं आणि पेटी शेजारच्याची होते.

शंभर पेट्या एकदम करू नका. आधी आठच करून घ्या. प्रत्येकीत पंधरा किलो वाळूच्या पिशव्या भरा, थप्पी लावा, रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या पेटीचा कर्ण दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर पेटी चौकोनात आहे. मग तीच थप्पी पिकअपमध्ये घालून साखळीहून चोर्ला घाट चढून परत या. ज्या पेटीचा खिळा वर आलेला दिसेल, ती सुताराला दाखवा आणि मगच पुढची ऑर्डर द्या.