तवंदी चढली का?

निपाणी सोडून संकेश्वरच्या दिशेला लागलं की तवंदीचा घाट येतो. आंबोली पाहिलेला माणूस त्याला घाट म्हणायलाही तयार होणार नाही. पण आमच्या भागात गाडीची परीक्षा तिथंच व्हायची. ‘डबल सीट, तिसऱ्या गिअरवर तवंदी चढली’ एवढं सांगितलं की गाडीची शिफारस पुरी झाली. रस्ता चौपदरी झाल्यावर ही परीक्षा संपली, पण तिच्यावरचा वाद संपलेला नाही. निपाणीत एका फिटरच्या दुकानापुढच्या बाकड्यावर तो मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे: सगळ्यांत थोर मोटारसायकल कुठली?

जगात हा वाद बड्या नावांवर चालतो. ताशी २०० किलोमीटरला टेकणारी १९४८ ची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो. चार सिलिंडर आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक घेऊन १९६९ मध्ये आलेली होंडा सीबी ७५०. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयानं तर १९९८ साली चित्रं-शिल्पं बाजूला सारून नुसत्या मोटारसायकलींचं प्रदर्शन मांडलं. आमच्या बाकड्याचा नियम साधा: जी तवंदीवर दिसली नाही, ती बाद.

तशी दोन चाकांची हौस इकडं जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात काढलं ते सायकलचं दुकान. नांगर आणि कारखाने नंतरचे. किर्लोस्कर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

बाकड्यावर पहिला मान बुलेटचा. लष्करानं १९५४ मध्ये सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या, पाठोपाठ १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, कॅम्पात बुलेटचा आवाज घड्याळासारखा. तिची किक म्हणजे कर्मकांडच. आधी अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन जागेवर घ्यायचा, मग सगळं अंग टाकून एकच किक. चुकली की ती उलटी मारायची आणि आठवडाभर माणूस लंगडायचा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. त्यामुळे दुसऱ्या गाडीवरचा माणूस बुलेटवर बसला की ऐन वेळी ब्रेकच्या जागी गिअर दाबायचा. तरीही पाटलाच्या दारात शोभायची ती बुलेटच. माझं मत विचाराल तर त्या गाडीच्या कीर्तीत निम्मा वाटा आवाजाचा आहे.

पण सीमाभागाची खरी गोष्ट जावा-येझदीची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. आमचे मामा त्याविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात पुढं. आणि १९६१ मध्ये आयडियल जावाच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या कुठून? म्हैसूरहूनच. मामांनी तीच घेतली. कुणी टोकलंच तर म्हणायचे, “आपलं भांडण सरकारशी हाय, इंजनाशी न्हवं.”

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक (Janeček) आणि वाँडरर (Wanderer) या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ मध्ये हे नाव झालं. मुंबईत त्या गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबानं म्हैसूरला कारखाना काढला आणि पुढं त्याच गाडीचं नाव येझदी ठेवलं. तिची कमाल म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच. उभा करून गाडी सुरू करायची, तोच पुढं वळवला की गिअर. गिअर पायानं दाबताना क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे क्लचवायर तुटली तरी गडी घरी पोचायचा. नवख्या माणसाला येझदी सुरूच करता येत नसे, म्हणून चोरीची भीतीही कमी, असं मामा म्हणायचे. दोन्ही बाजूंना लांब सायलेन्सर, मागं दुधाच्या किटल्या नाहीतर तंबाखूच्या वखारीतला मुनीम. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अलीकडं दोन्ही नावं परत आली, जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये. पण तो एकदांडी गिअर काही परत आला नाही.

पोरांचा देव मात्र वेगळा. सरकारनं ऐंशीच्या दशकात १०० सीसीच्या गाड्यांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. इंजिन ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती, अंग हलकं. ॲक्सिलेटर पिळला की पुढचं चाक उचलायचं. तिची मोठी बहीण राजदूत ३५०, दोन सिलिंडरची. तिचं पेट्रोल पिणं ऐकूनच बापमंडळी घाबरायची. बाकड्यावर आरएक्सचं नाव निघालं की पन्नाशीचे गृहस्थही एकदम अरेतुरेवर येतात.

“आरएक्सपुढं बुलेट? काय सांगालायस लेका!”

त्याच १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा बाकडं हसलं होतं. ना आवाज, ना धूर, ना पिकअप. फरक इंजिनाच्या पोटात होता. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं म्हणून उसळतं, पण जळालेला वायू बाहेर ढकलताना थोडं ताजं पेट्रोलही सायलेन्सरवाटे निसटतं. ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याचा निळा धूर होतो आणि प्लगवर काजळी धरते. खिशात प्लगपाना ठेवण्याची सवय आमच्या पिढीला त्यातूनच लागली. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, वॉल्व्ह वेळेवर मिटतात, ऑइल खाली स्वतःच्या घरात राहतं. म्हणून लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात करायची हिंमत त्या कंपनीला झाली. १९९४ मध्ये त्याच जातीचं इंजिन घेऊन स्प्लेंडर आली.

गंमत अशी की या इंजिनाचं घराणं होंडाच्या सुपर कबचं. १९५८ साली जपानात निघालेल्या त्या छोट्या गाडीनं २०१७ मध्ये १० कोटींचा आकडा गाठला; इंजिनावर चालणारं दुसरं कुठलंही वाहन इतकं बनलेलं नाही. म्हणजे व्हिन्सेंटवाले काहीही म्हणोत, जगाचं आणि निपाणीचं उत्तर एकाच घरातलं निघालं.

मी बाकड्यावर हे मांडलं तेव्हा मला चहा मिळाला नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की थोर आणि महत्त्वाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बुलेट, येझदी, आरएक्स यांच्या गोष्टी आहेत, कारण त्या रुसायच्या, लाथा घालायच्या, उसळायच्या. स्प्लेंडरची गोष्ट कुणी सांगत नाही. यमकनमर्डीचा मास्तर, चिकोडीचा पोस्टमन, बिडीची पानं पोचवणारा पोरगा, सगळे तिच्यावर रोज गेले आणि रोज परत आले. त्यात सांगण्यासारखं काय घडणार?

“मग थोर कुठली ते बोल,” एकानं विचारलं. मी येझदी म्हणालो. मामांसाठी.

तेवढ्यात कागलचा एक पोरगा आला. दुकानात विकायला उभ्या असलेल्या आरएक्सवर त्याचा डोळा होता. त्याला तिचा आवाज ऐकायचा होता, फिटरला आधी किमतीचं ठरवायचं होतं. नव्या गाडीच्या तोडीची किंमत ऐकूनही पोरगा हलला नाही. अडचण वेगळीच होती: गाडी केए २३, त्याला हवी एमएच ०९. कागल वीसेक किलोमीटरवर; एरवी हाच पोरगा स्वस्त पेट्रोलसाठी कोगनोळीपर्यंत येऊन टाकी भरून जातो, त्याला कोण अडवतंय? पण गाडी न्यायची तर चिकोडीच्या आरटीओची ना हरकत, मग कोल्हापुरात नवा कर, नवा नंबर. फिटरनं चौकटीवरची धूळ पुसली, चासी नंबरावर कोरा कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागला. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. बाकड्यावरचे सगळे वाद सोडून तिथं वाकून बघत होते.