एचआयव्ही मुळासकट बरा होतो का?



‘एड्सवर औषध सापडलं!’ अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते. ज्या घरात हा आजार आहे, तिथं ती वाचून आशा जागते. आशा धरण्यात वाईट काही नाही. पण त्या भरवशावर कुणी चालू गोळी बंद केली, किंवा ‘खात्रीच्या’ औषधासाठी गटातून कर्ज उचललं, तर पैसाही जातो आणि जीवही धोक्यात येतो. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथं घेतले आहेत.

या बातम्या खोट्या असतात का?
सगळ्याच नाहीत. बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमोथी ब्राऊन यांना एचआयव्ही होता, त्यात रक्ताचा कर्करोग झाला. कर्करोगासाठी २००७ साली त्यांना दुसऱ्या माणसाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दिल्या. त्या माणसाच्या पेशी जन्मतःच अशा होत्या, की एचआयव्हीला आत शिरायला दारच सापडत नाही. ब्राऊन यांच्या गोळ्या बंद झाल्या, तरी विषाणू परत आला नाही. २०२० मध्ये ते वारले, ते कर्करोग उलटल्यामुळे. असे बरे झालेले लोक जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

मग तोच उपचार सगळ्यांना का देत नाहीत?
कारण तो जिवावरचा आहे. आधी आपल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी मारून टाकाव्या लागतात. कर्करोगानं जीव जाणारच असेल तर हा धोका पत्करतात. रोज एक गोळी घेऊन शेतात काम करणाऱ्या बाईला त्यात कोण घालील?

गोळ्यांनी विषाणू कायमचा का जात नाही?
आपण लव्हाळा खुरपतो. वरून रान साफ दिसतं, पण मातीत गाठी राहतात. पाऊस पडला की पुन्हा उगवतो. तसंच हे आहे. गोळी रक्तातला विषाणू वाढू देत नाही, पण काही विषाणू पेशींत लपून झोपलेले असतात. गोळी थांबली की ते उठतात. त्या लपलेल्या गाठींवरच जगभर संशोधन चालू आहे.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे?
हो, लेनाकापाविर. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या दोन हजारांहून जास्त तरुण मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण तो वापर लागण होऊ नये म्हणून आहे. झालेली लागण ते मुळासकट काढत नाही.

तोवर काय करायचं?
सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या २००४ पासून मोफत मिळतात. नियमित घेतल्या आणि तपासणीत विषाणू दिसेनासा झाला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणात वेळेवर उपचार घेतले तर बाळालाही वाचवता येतं. ऊसतोडीला जायचं असेल तर टोळी निघायच्या आधी केंद्रावर सांगा. किती महिन्यांच्या गोळ्या सोबत मिळतील, की तिकडच्या केंद्रावर नाव लावायचं, ते विचारून घ्या. खाडा मात्र नको.

कुणी ‘खात्रीनं बरा करतो’ म्हणाला तर?
एड्स बरा करतो असा दावा करून औषध विकायला कायद्यानं बंदी आहे. खरं संशोधन चाचणीच्या औषधाचे पैसे मागत नाही, आणि सगळी माहिती देऊन लेखी संमती घेतल्याशिवाय कुणाला चाचणीत घेत नाही.

गटात कुणाला हा आजार असेल तर?
तिनं सांगितलं तर ऐकून घ्या, पण चारचौघीत बोलू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तिची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तिला दिलाय. ताटात, पाण्यात, सतरंजीवर शेजारी बसण्यात लागण नाही. तिचं कर्ज आणि तिचं पद आजारावरून अडवू नका.

शंका असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. येत्या बैठकीत हे पान मोठ्यानं वाचा. खर्ड्यातल्या ज्या बाईला ते ऐकायची गरज आहे, तिला हात वर न करताच ऐकायला मिळेल. औषध निघेल तेव्हा निघेल. आजची गोळी आज घ्यायची.