स्वप्नातलं घड्याळ

स्वप्नात माणूस उडतो, भिंतीतून आरपार जातो. गुरुत्वाकर्षणाचं तिथे काही चालत नाही. मग नियम म्हणून काही उरतं का? उरतं, आणि ते मोजताही आलं आहे.

आपण स्वप्नात आहोत याचं भान काहींना झोपेतच येतं. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अशा एका झोपलेल्या माणसाने डोळे डावी-उजवीकडे फिरवून केलेली ठरलेली खूण यंत्रावर टिपली. स्वप्नाच्या झोपेत हातपाय लुळे पडतात, डोळे मात्र हलतात. निरोपाला तेवढी वाट पुरली.

पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी असं भान असलेल्यांना स्वप्नात आकडे मोजायला लावले. वेळ साधारण जागेपणीइतकाच लागला! क्षणात युग सरतं, हा समज इथे टिकत नाही. जर्मन संशोधक डॅनियल एर्लाखर आणि मायकल श्रेडल यांच्या प्रयोगात तर स्वप्नातल्या उठाबशांना जागेपणीपेक्षा जास्त वेळ लागला.

स्वप्नातही नियम उरतात याचा सर्वांत बोलका पुरावा मला २०१८च्या एका प्रयोगातला वाटतो. स्वप्नातल्या फिरत्या अंगठ्यामागे डोळे सलग फिरले, जागेपणी फिरतात तसेच. मिटल्या डोळ्यांनी अंगठ्याची नुसती कल्पना केली, की ते तुटक उड्या मारत जातात.