अर्धवट उघडा ट्रान्झिस्टर

पाठीवर अडकवायच्या फवारणी पंपात बारा व्होल्टची बॅटरी असते, एक छोटी डीसी मोटर असते आणि तिचा वेग कमी-जास्त करायला एक गोल बटण असते. विज्ञान प्रदर्शनातल्या रोबोगाडीत आणि घरी जुळवलेल्या पंख्यातही साधारण हीच जुळणी दिसते. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून वीज सोडायची आणि अडवायची हे काम ट्रान्झिस्टर करतो आणि बिघाडही बहुधा तिथेच होतो. मोटर मंद फिरू लागते, ट्रान्झिस्टरला बोट लावले तर चटका बसतो आणि थोड्या वेळात तो कायमचा निकामी होतो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक जोडणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर जास्त अँपिअरचा ट्रान्झिस्टर आणणे. माझे म्हणणे असे आहे, की लहान मोटरच्या बाबतीत बहुतेक वेळा या दोन्ही खर्चांची गरज नसते. तयार झालेली उष्णता कुठे घालवायची हा नंतरचा प्रश्न आहे. ती तयारच का होते हे आधी पाहिले, तर बहुधा एकच कारण सापडते: ट्रान्झिस्टर धड उघडलेला नसतो आणि धड बंदही नसतो.

हिशेब अगदी सरळ आहे. ट्रान्झिस्टरमध्ये दर सेकंदाला किती उष्णता तयार होते, हे त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट आणि त्यातून वाहणारे अँपिअर यांचा गुणाकार सांगतो. आपली मोटर बारा व्होल्टवर ३ अँपिअर घेते असे धरू. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असेल तेव्हा त्याच्यावर बाराही व्होल्ट असतात, पण प्रवाह जवळजवळ शून्य, म्हणून उष्णताही शून्य. तो पूर्ण उघडा असेल तेव्हा प्रवाह ३ अँपिअर, पण त्याच्यावर उरलेला दाब अगदी थोडा, म्हणून उष्णता थोडी. संकट आहे ते मधल्या अवस्थेत. ३ अँपिअर वाहत असताना ट्रान्झिस्टरने ६ व्होल्ट स्वतःकडे अडवून ठेवले, तर १८ वॅट त्याच्या अंगात जिरतात. क्लच अर्धा दाबून चढावर गाडी रेटत राहिले की प्लेटा जळतात, तोच हा प्रकार. आता क्षमता पाहा. तीन पायांच्या, पाठीला भोक असलेली धातूची पट्टी असणाऱ्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरला हीटसिंक नसेल, तर दर वॅटमागे त्याच्या आतले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ६२ अंशांनी चढते. आतल्या सिलिकॉनची मर्यादा बहुधा १५० अंश सेल्सिअस असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद डबीतली हवा ५० अंशांवर असेल, तर हातात उरतात १०० अंश, म्हणजे जेमतेम १.६ वॅट. अठरा वॅट आणि दीड वॅट यांतली दरी ॲल्युमिनियमने भरून काढण्यापेक्षा ती निर्माणच होऊ न देणे शहाणपणाचे.

वेग कमी करायचा म्हणजे जास्तीची वीज कुठेतरी जाळायची, ही समजूत फार जुनी आहे आणि एके काळी तिला पर्यायही नव्हता. छताच्या पंख्याचा जुना, जड, डब्यासारखा रेग्युलेटर तारेच्या गुंडाळ्यांत वीज जाळूनच पंखा मंद करत असे. मुंबईत १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर, आणि त्या पद्धतीच्या लोकल गाड्यांच्या मोटरी सुरू होताना मोठमोठे रोध वाटेत घालून प्रवाह आवरावा लागे. स्थानकातून सुटताना खर्च झालेल्या विजेतला काही भाग त्या रोधांतून निव्वळ उष्णता होऊन हवेत जाई. २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५,००० व्होल्टच्या एसी पुरवठ्यावर आला. आजच्या लोकलमध्ये मोटरींना लागणारी वीज अर्धवाहक स्विच सेकंदाला शेकडो वेळा जोडून-तोडून घडवतात. त्यांच्या मोटरी वेगळ्या जातीच्या आहेत, पण फवारणी पंपाला लागू पडणारे तत्त्व तेच आहे. मोटरला निम्मी वीज द्यायची तर ट्रान्झिस्टर निम्मा उघडायचा नाही. तो निम्मा वेळ पूर्ण उघडायचा आणि निम्मा वेळ पूर्ण बंद करायचा, तेही इतक्या भराभर की मोटरच्या जडत्वाला त्यातला खंड जाणवू नये. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात.

हे तत्त्व माहीत असूनही ट्रान्झिस्टर तापतात, कारण ‘पूर्ण उघडा’ ही अवस्था आपोआप येत नाही. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर असलेल्या ट्रान्झिस्टरला उघडे राहण्यासाठी बेसमधून सतत प्रवाह द्यावा लागतो. साठच्या दशकापासून चालत आलेला, दोन भोकांच्या धातूच्या टोपणातला २ एन ३०५५ घ्या. त्याच्यावर १५ अँपिअर लिहिलेले पाहून लोक निर्धास्त होतात. पण त्याच्याच डेटाशीटमध्ये ४ अँपिअरला प्रवाहवर्धन किमान २० दिले आहे, आणि तो ४ अँपिअरला नीट उघडून १.१ व्होल्टपर्यंत उतरतो तो बेसला ०.४ अँपिअर दिल्यावर, म्हणजे दहास एक या प्रमाणात. ट्रान्झिस्टरला इशारा देणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या एका पायातून सुरक्षितपणे मिळतात सुमारे २० मिलिअँपिअर. वीसपट धरले तर त्यातून ०.४ अँपिअरचीच खात्री. मोटर ३ अँपिअर मागते, ट्रान्झिस्टर तेवढे सोडू शकत नाही, उरलेले व्होल्ट स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि तापतो. याच्या जागी आणखी मोठा ट्रान्झिस्टर आणला तरी बेसची उपासमार तशीच राहते. मोठ्या ट्रान्झिस्टरचे वर्धन बहुधा कमीच असते, त्यामुळे दुखणे वाढण्याचीही शक्यता आहे. उपाय आहे बेसला पुरेसा प्रवाह देण्याचा, आणि त्यासाठी मध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर हवा.

इथे जाणकार म्हणतील, की मग डार्लिंग्टन वापरा. त्यात दोन ट्रान्झिस्टर एकाच टोपणात असतात, वर्धन हजाराच्या घरात जाते आणि आर्डुइनोचा पायही पुरतो. हे खरे आहे, आणि टीआयपी १२२ आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत इतका खपतो तो त्यामुळेच. पण डार्लिंग्टनच्या रचनेतच एक अडचण आहे: आतला दुसरा ट्रान्झिस्टर पुरता उघडू शकत नाही, म्हणून सगळे बिनचूक जुळवले तरी काही दाब त्याच्यावर उरतोच. ३ अँपिअरला टीआयपी १२२ वर २ व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो असे डेटाशीट सांगते. म्हणजे ६ वॅट, आपल्या दीड वॅटच्या चौपट. इथे हीटसिंक लागणारच. हीटसिंक काही महाग नाही, लावून टाकावा, असा आक्षेप यावर येईल. फक्त ट्रान्झिस्टर जगवायचा असता तर मीही मान्य केला असता. पण बॅटरी देत असलेल्या ३६ वॅटपैकी ६ वॅट वाटेतच गेले आहेत आणि मोटरला बाराऐवजी दहाच व्होल्ट मिळत आहेत. हीटसिंक त्यातले काही परत मिळवून देत नाही. पाठीवर पंप घेऊन शेतात फिरणाऱ्या माणसाला चार्जिंगचा सहावा भाग गमावणे परवडणारे नाही.

या कामासाठी आज माझी निवड मॉस्फेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरची आहे. त्याच्या गेटला सतत प्रवाह लागत नाही, दाब लागतो. आणि तो पूर्ण उघडला की नुसत्या लहानशा रोधासारखा वागतो. आयआरएलझेड ४४ एन हा मॉस्फेट गेटला ५ व्होल्ट मिळाले की जास्तीत जास्त ०.०२५ ओहम एवढाच रोध दाखवतो. ३ अँपिअरचा वर्ग नऊ, त्याला ०.०२५ ने गुणले की पाव वॅटहूनही कमी उष्णता. तापल्यावर हा रोध वाढतो, म्हणून हिशेबात अर्धा वॅट धरा. तरीही हीटसिंकची गरज नाही. तीच मोटर, तीच बॅटरी, तेच तीन पायांचे टोपण, आणि सहा वॅटच्या जागी अर्धा.

‘पण मॉस्फेटही तापतो’ ही तक्रार मात्र खोटी नाही. तिच्या मागे दोन कारणे असतात आणि दोन्ही पुन्हा अर्धवटपणाचीच आहेत. पहिले कारण चुकीच्या जातीचे. वर सांगितलेल्या मॉस्फेटचा जुळा वाटावा असा आयआरएफझेड ४४ एन बाजारात अधिक सहज मिळतो. नावात एका अक्षराचा फरक, पण याचा कमी रोध गेटला १० व्होल्ट असतानाचा आहे. २ ते ४ व्होल्टदरम्यान तो जेमतेम उघडू लागतो. त्याला ३.३ व्होल्टचा इशारा दिला तर एखादा नग चालेल आणि दुसरा किलकिला राहून भाजेल. दुसरे कारण वेगाचे. गेट म्हणजे एक छोटा कपॅसिटर असतो. तो भरायला आणि रिकामा व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मॉस्फेट मधल्या, धोक्याच्या अवस्थेतून जात असतो. सेकंदाला ४९० वेळा उघडझाप होत असेल आणि प्रत्येक बदलाला एक मायक्रोसेकंद लागत असेल, तर त्यातून होणारी उष्णता वॅटच्या पन्नासाव्या भागाइतकी, विसरून जावी अशी. पण त्या वारंवारतेला मोटर गुणगुणते. तो आवाज घालवायला वारंवारता २० हजारांवर नेली, की त्याच एका मायक्रोसेकंदाचे पाऊण वॅट होतात आणि दहा मायक्रोसेकंद लागत असतील तर सात वॅट. आर्डुइनोचा पाय जळू नये म्हणून कोणी गेटच्या वाटेत १० किलोओहमचा रोध घातला असेल, तर बदलाला शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, आणि २० हजारांच्या वारंवारतेत एक संपूर्ण फेरा असतो पन्नास मायक्रोसेकंदांचा. म्हणजे मॉस्फेट कधी पुरता उघडतच नाही. काळजीपोटी घातलेला तो रोधच त्याला मारतो. तिथे शंभर-दीडशे ओहम पुरतात. वारंवारता जास्त ठेवायची असेल, तर गेटला क्षणभर एखादा अँपिअर देऊ शकणारी ड्रायव्हर चिप घालावी. १० किलोओहमचा रोध घालायचाच तर तो गेट आणि सोर्स यांच्यामध्ये घालावा. तिथे तो उपयोगी आहे: इशारा नसताना गेट अधांतरी राहत नाही.

मोटरच्या दोन टोकांवर उलटा जोडायचा डायोड बहुतेकांना माहीत असतो, पण तो फक्त झटक्यापासून वाचवतो असे समजले जाते. त्याचा संबंध उष्णतेशीही आहे. मोटरच्या गुंडाळीतला प्रवाह एकदम थांबत नाही. त्याला वाट मिळाली नाही तर तो दाब वाढवून ट्रान्झिस्टरमधूनच घुसतो. अर्धा मिलिहेन्रीच्या गुंडाळीत ३ अँपिअर असताना सव्वादोन मिलिजूल ऊर्जा साठलेली असते. सेकंदाला ५०० वेळा ती ट्रान्झिस्टरमध्ये रिकामी झाली तर एका वॅटहून अधिक उष्णता विनाकारण वाढते. म्हणून पीडब्ल्यूएममध्ये डायोड मोटरचा पूर्ण प्रवाह पेलणारा आणि चपळ हवा. सगळीकडे मिळणारा १ एन ४००७ हा १ अँपिअरचा आणि सुस्त आहे. तो वेळेत बंद होत नाही आणि तेवढ्या क्षणापुरता ट्रान्झिस्टरवर अधिकचा भार टाकतो. ५ अँपिअरचा शॉटकी डायोड इथे योग्य.

हीटसिंकच्या बाजूने खरा भक्कम मुद्दा एकच आहे आणि तो मी मान्य करतो: अडकलेली मोटर. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून प्रवाह आवरते. पंपात गाळ अडकला आणि ती थांबली, की उरतो तो तारेचा रोध. तो ०.८ ओहम असेल तर ३ अँपिअरचे एकदम १५ होतात. सुरू होतानाच्या पहिल्या क्षणीही असेच होते, पण तो क्षण सरतो. १५ अँपिअरचा वर्ग २२५, म्हणजे आपल्या मॉस्फेटमध्ये साडेपाच वॅटहून अधिक. म्हणून ट्रान्झिस्टर निवडताना मोटर थांबलेली असतानाचा प्रवाह धरावा, आणि असा प्रसंग येण्याची शक्यता असेल तर छोटा हीटसिंक व फ्यूज दोन्ही ठेवावेत. तोच प्रवाह मोटरच्या तारेत १८० वॅट जाळत असतो, त्यामुळे मोठा हीटसिंक लावून ट्रान्झिस्टर तगला तरी मोटर जळेलच. तिथे प्रवाह तोडणेच महत्त्वाचे. हीटसिंक निवडताना डेटाशीटवरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. २ एन ३०५५ चे प्रसिद्ध ११५ वॅट हे त्याचे टोपण २५ अंशांवर थंड ठेवले तरच आहेत. टोपण १०० अंशांवर गेले की ते सुमारे ६६ वॅटवर येतात.

हे सगळे तपासायला फार साधने लागत नाहीत. मोटर नेहमीच्या भाराखाली चालू ठेवावी, पीडब्ल्यूएम शंभर टक्क्यांवर न्यावे आणि मल्टिमीटरची टोके ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरवर, मॉस्फेट असेल तर ड्रेन-सोर्सवर लावावीत. मॉस्फेटवर ०.१ व्होल्ट दिसले तर तो नीट उघडला आहे. साध्या ट्रान्झिस्टरवर एक व्होल्टच्या आत दिसले तर बेसची सोय ठीक आहे. तीन-चार व्होल्ट दिसले, तर हीटसिंक शोधायला न निघता गेट किंवा बेसकडे वळावे. मात्र पीडब्ल्यूएम मधल्या आकड्यावर असताना हेच मोजमाप घेऊ नये. मल्टिमीटर उघड्या आणि बंद वेळेची सरासरी दाखवतो आणि निर्दोष मंडलही सदोष वाटते. शंभर टक्क्यांवर आकडा चांगला आणि पन्नास टक्क्यांवर ट्रान्झिस्टर गरम, असे आढळले तर दोष बदलाच्या वेगात किंवा डायोडमध्ये आहे. अशा वेळी आधी वारंवारता कमी करून पाहावी.