खराट्याची पूजा

परमेश्वराची सेवा करावयाची तर गाठीला पैसा हवा, फावला वेळ हवा, अशी समजूत मध्यमवर्गात रूढ आहे. देणगीच्या पावतीवर पुण्याचा हिशेब मांडणाऱ्या समाजात तसे व्हावे, यात नवल नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) या समजुतीला आपल्या आयुष्यानेच उत्तर दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषापाशी ना शाळेतील विद्या होती, ना धन. होते ते खराटा आणि गाडगे. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडीत, कीर्तन रात्री. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र काही ठेवले नाही.

अर्थशास्त्रात भांडवलाची टंचाई ही मोठी अडचण मानतात. सेवेच्या क्षेत्रात ती सबब टिकत नाही. तेथे टंचाई असते ती आपुलकीची. २००० साली राज्य शासनाने महाराजांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, बक्षिसे ठेवली. उपक्रम स्तुत्यच, परंतु बक्षीस-समारंभानंतरच्या सकाळी खराटा कोण उचलतो, हा खरा प्रश्न होय.

खिडकीपाशी ताटकळलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाचा अर्ज कारकुनाने स्वतः भरून द्यावा, मागे पडलेल्या मुलासाठी शिक्षकाने शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबावे, विद्यार्थ्याने शेजारच्या अंध गृहस्थांना वृत्तपत्र वाचून दाखवावे. याची पावती कोणी फाडून देत नाही, आणि म्हणूनच अशा कामाला पूजा म्हणावयास हरकत नाही.